सेवाव्रताच्या नावाखाली

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातील कपाशीच्या शेतांमधून विषबाधा झालेली माणसे एकामागून एक रुग्णालयांत येऊ लागली. फवारणी करता करता कीटकनाशक अंगात भिनलेले शेतकरी आणि शेतमजूर होते ते. जिल्ह्यात वीसहून अधिक जण दगावले आणि शेकडो दाखल झाले. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटा अपुऱ्या पडू लागल्या. त्या वेळी या विषयावर पुष्कळ लिहिले गेले. कीटकनाशकांच्या कंपन्या, कृषी सेवा केंद्रांचे विक्रेते, कृषी खाते, प्रशासनाची दिरंगाई अशा सर्वांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले. विशेष तपास पथक नेमले गेले. मंत्री येऊन गेले, विरोधी पक्षांचे नेते येऊन गेले, वाहिन्यांचे कॅमेरे येऊन गेले.

या सगळ्या धावपळीत एक व्यक्ती मात्र कोणाला दिसली नाही. ती रुग्णाच्या उशाशी उभी होती, म्हणूनच कदाचित दिसली नसावी.

कीटकनाशकांच्या एका मोठ्या वर्गाची विषबाधा झाली की रुग्णाला अ‍ॅट्रोपिन द्यावे लागते. मात्रा डॉक्टर ठरवतात. पण पुढचे सारे परिचारिकेच्या हाती असते. थोड्या थोड्या वेळाने नाडी मोजायची, डोळ्यांच्या बाहुल्या पाहायच्या, घशात आणि छातीत साचणारा स्राव यंत्राने ओढून काढायचा. औषध कमी पडले तर श्वास कोंडतो. जास्त झाले तर रुग्ण भ्रमिष्ट होतो, हातातली सलाईनची सुई उपसून पळू पाहतो. त्याला आवरायचे, त्याच्या भेदरलेल्या बायकोला धीर द्यायचा आणि तोवर शेजारच्या खाटेवरची नाडी मोजण्याची वेळ झालेली असते. असा एक रुग्ण म्हणजे एका परिचारिकेचे पूर्ण वेळेचे काम. त्या दिवसांत असे रुग्ण वॉर्डभर होते. त्या वॉर्डांत रात्रपाळीला किती परिचारिका होत्या, हा प्रश्न तेव्हाच्या सार्वजनिक चर्चेत कोणी विचारल्याचे प्रस्तुत लेखकाला स्मरत नाही.

हा प्रश्न न विचारण्याची आपल्याला सवय झाली आहे. परिचारिकेबद्दल आपल्या समाजाकडे दोनच भाषा आहेत. एक गौरवाची आणि दुसरी दोषारोपाची. १२ मे रोजी फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या प्रतिमेला हार घालून आपण तिला त्यागमूर्ती म्हणतो. २२ मार्च २०२० रोजी सज्जात उभे राहून टाळ्या आणि थाळ्या वाजवतो. आणि एखाद्या रुग्णालयात दुर्घटना घडली की पहिले बोट तिच्याचकडे दाखवतो. या दोन भाषांच्या मधली जी तिसरी भाषा आहे, म्हणजे मंजूर पद, वेळेवर वेतन, सुरक्षित पाळी आणि सन्मानाची वागणूक यांची साधी व्यवहाराची भाषा, ती मात्र आपण बोलत नाही. ती भाषा परिचारिकेने उच्चारली तर ‘सेवेला मोल लावता काय?’ असे तिलाच विचारले जाते.

दोष खाली, अधिकार वर

पूर्व विदर्भातील भंडारा जिल्हा रुग्णालयाची घटना वाचकांच्या स्मरणात असेल. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर तेथील नवजात शिशु दक्षता कक्षात आग लागली आणि दहा बालकांचा अंत झाला. त्या मातांचे दुःख शब्दांत मांडण्याची कोणाची प्राज्ञा नाही. चौकशी झाली, जिल्हा शल्यचिकित्सकांसह काही जणांवर कारवाई झाली. पुढे फौजदारी गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. त्यानंतर दहाच महिन्यांनी, ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. अकरा कोविड रुग्ण त्याच दिवशी मरण पावले. पोलिसांनी अटक केली ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना.

त्या रात्री किंवा त्या सकाळी कोणाकडून कर्तव्यात कसूर झाली, हे न्यायालय ठरवील. त्यात ढवळाढवळ करण्याचे कारण नाही. परंतु काही प्रश्न न्यायालयाबाहेरचे आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. रुग्णालयाची वीजजोडणी परिचारिका करते काय? अग्निशमन यंत्रणेचा प्रस्ताव मंत्रालयात अडून राहिला, तर तो पुढे सरकवण्याचा अधिकार तिला असतो काय? वॉर्डाचा आराखडा, खाटांची संख्या, यंत्रांची खरेदी, देखभालीचे कंत्राट यांपैकी कोणत्या कागदावर तिची सही असते? यांपैकी कशावरही नसते. तिची सही असते ती फक्त हजेरीपटावर. म्हणून दुर्घटनेच्या वेळी जागेवर हजर असलेली व्यक्ती म्हणून ती सापडते. जे निर्णय घेतात ते त्या वेळी जागेवर नसतात, म्हणून ते सुटतात. जो हजर होता तो दोषी आणि जो गैरहजर होता तो निर्दोष, असा हा उफराटा न्याय आहे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यानेही याचा एक नमुना पाहिला आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी, राष्ट्रीय पोलिओ लसीकरणाच्या दिवशी, घाटंजी तालुक्यातील कापसीकोपरी गावात बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने मुले वाचली. ही चूक अक्षम्यच होती आणि संबंधित तिघांवर निलंबनाची कारवाई जाहीर झाली, ती योग्यच होती. त्या केंद्रावरची माणसे परिचारिकाच होती असे येथे म्हणायचे नाही. पण जी आरोग्ययंत्रणा अशी राबते, त्याच यंत्रणेच्या तळाशी आपली आरोग्यसेविकाही उभी आहे. प्रशिक्षण किती दिवसांचे झाले होते? देखरेखीला कोण होते? लसीची कुपी आणि सॅनिटायझरची बाटली एकाच टेबलावर ठेवू नयेत, हे कोणी, कोणाला, केव्हा सांगितले होते? निलंबनाचा आदेश निघाला की हे प्रश्न फाइलबंद होतात. तीन माणसे घरी गेली म्हणजे व्यवस्था सुधारली, असे मानून पुढच्या लसीकरणाची तयारी सुरू होते.

कागदावरची प्रमाणे

भारतीय परिचर्या परिषदेने परिचारिकांच्या संख्येची प्रमाणे कित्येक वर्षांपूर्वी घालून दिली आहेत. अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात गंभीर रुग्णामागे एक. साप्ताहिक सुटी, रजा, प्रसूती रजा यांसाठी राखीव संख्या त्याखेरीज. या मजकुराच्या ज्या वाचकाने विदर्भातील कोणत्याही शासकीय रुग्णालयात आपल्या आप्तेष्टासोबत एक रात्र काढली असेल, त्याने डोळे मिटून आठवावे. वॉर्डात किती खाटा होत्या? खाटांच्या मधल्या जमिनीवर किती गाद्या होत्या? आणि पांढऱ्या वेशातल्या बायका किती होत्या? आकडेवारीची गरजच उरणार नाही.

त्या दोघी-तिघींकडे केवळ रुग्णसेवा असती तरी एक वेळ ठीक होते. औषधांची मागणीपत्रे, नोंदवह्या, चादरी-उशांची मोजदाद, बंद पडलेल्या यंत्रांचा पाठपुरावा, जेवणाच्या ताटांचा हिशेब, नातेवाइकांची समजूत हे सारे तिच्याच माथी असते. तीन-चार वर्षे शिकून, परिषदेकडे नोंदणी करून जी अधिपरिचारिका होते, तिचा निम्मा वेळ कारकुनीत जातो आणि उरलेल्या वेळात तिने चेहऱ्यावर हास्य ठेवावे अशी आपली अपेक्षा असते.

शहर सोडून झरी-जामणी, मारेगाव, केळापूर या तालुक्यांत जावे, तर चित्र आणखी बिकट आहे. कोलाम पोडांपर्यंत आरोग्यसेवा नेणारी व्यक्ती म्हणजे उपकेंद्राची आरोग्यसेविका. नियमाप्रमाणे आदिवासी भागात तीन हजार आणि सपाटीच्या भागात पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते. गरोदर मातांची नोंदणी, लसीकरण, कुटुंबकल्याण, साथींचे सर्वेक्षण, क्षयरोग्यांचा पाठपुरावा ही तिची कामे. शिवाय अर्ध्या रात्री दार वाजले की उठायचे. तिने मुख्यालयी राहावे अशी सक्ती आहे. पण मुख्यालयी राहण्याजोगे निवासस्थान असावे, त्याच्या दाराला कडी असावी, नळाला पाणी असावे, अशी सक्ती कोणावर नाही. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की ती अलीकडे आणि पोड पलीकडे. पाड्यावर वेळेत पोहोचली नाही तर कारणे दाखवा नोटीस तिला. नाल्यावर पूल नाही म्हणून कोणाला नोटीस गेल्याचे ऐकिवात नाही.

त्यात कंत्राटीपणाची भर. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील हजारो परिचारिका आणि आरोग्यसेविका वर्षानुवर्षे अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकांवर राबल्या. दहा वर्षे सेवा झालेल्यांना सामावून घेण्याचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ रोजी निघाला. पण त्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांना पुन्हा रस्त्यावर यावे लागले. मे २०२२ मध्ये शासकीय परिचारिकांनी संप केला, तोही मुख्यतः पदे बाह्यस्रोतातून भरण्याच्या धोरणाविरुद्ध. जुलै २०२५ मध्ये वेतनातील त्रुटी आणि कंत्राटी भरती हेच विषय घेऊन त्या पुन्हा संपावर गेल्या. सरकारे बदलली, मंत्री बदलले. मागण्यांचा कागद मात्र तोच राहिला. शासकीय पदे खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी पद्धतीने भरण्याचा शासन निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द करण्यात आला, ही स्वागतार्ह गोष्ट होती. परंतु निर्णय रद्द झाला म्हणजे रिकामी खुर्ची भरली, असे होत नाही.

आपल्याच आवारातले मौन

सरकारवर टीका करणे सोपे असते. खाजगी रुग्णालयांकडे वळताच आपला आवाज का खाली येतो, याचाही विचार झाला पाहिजे.

प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका कुटुंबातली मुलगी जिल्ह्यातल्या एका खाजगी रुग्णालयात काम करीत होती. वडिलांची पाच एकर कोरडवाहू शेती. शिक्षणासाठी कर्ज काढलेले. बारा बारा तासांची पाळी आणि हातात पडणारा पगार एखाद्या दुकानातल्या नोकरापेक्षाही कमी. मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाच्या कपाटात ठेवलेली. मुदतीपूर्वी नोकरी सोडली तर ती मिळणार नाहीत, असे बजावलेले. पगारवाढीचा विषय काढला तेव्हा तिला उत्तर मिळाले, ‘अगं, हे पुण्याचं काम आहे. पैसा पैसा काय करतेस?’ हे उत्तर देणारे गृहस्थ सज्जन आहेत. सामाजिक कार्यक्रमांत व्यासपीठावर असतात. आपण काही वावगे बोललो, असे त्यांना आजही वाटत नसेल. दुखणे नेमके येथेच आहे.

वास्तविक या प्रश्नावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी निर्देश दिले. त्यानुसार नेमलेल्या समितीने शिफारशी केल्या, त्या अशा: दोनशेहून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयात परिचारिकेला राज्य शासनाच्या परिचारिकेइतके वेतन असावे, शंभर ते दोनशे खाटांच्या रुग्णालयात ते फार तर दहा टक्क्यांनी कमी, पन्नास ते शंभर खाटांच्या रुग्णालयात फार तर पंचवीस टक्क्यांनी कमी, आणि पन्नासहून कमी खाटा असतील तरी दरमहा वीस हजार रुपयांपेक्षा कमी नसावे. रजा, कामाचे तास, वैद्यकीय सुविधा, वाहतूक, निवास हेही शासकीय परिचारिकांप्रमाणे असावे. ‘लहान रुग्णालयांना परवडत नाही’ या आक्षेपाचे उत्तर या पायऱ्यांमध्येच आहे. समितीने लहान-मोठ्याचा विचार आधीच केलेला आहे. आणि हे वीस हजार २०१६ सालचे आहेत, हेही विसरू नये.

या शिफारशी राज्यांकडे गेल्या. आरोग्य हा राज्यांचा विषय, म्हणून केंद्राने मार्गदर्शन केले आणि पुढचे राज्यांवर सोपवले. केरळच्या राजकारणाशी आपले कितीही मतभेद असोत, तेथील परिचारिकांनी २०१७ मध्ये चिवटपणे लढा दिला आणि एप्रिल २०१८ मध्ये खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांसाठी किमान वीस हजारांची अधिसूचना त्या राज्याला काढावी लागली, ही वस्तुस्थिती आहे. चांगले कोठूनही घ्यावे. २०२३ मध्ये संसदेने १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संमत केला. शिक्षण आणि व्यवसायाचा दर्जा यांसाठी तो आवश्यकच होता. पण दर्जा वाढवायचा आणि दाम वाढवायचा नाही, तर चांगली मुलगी या व्यवसायात येणार कशी? आलेली टिकणार कशी? ती आखातात जाईल, इंग्लंडला जाईल. आणि मग आपण ‘ब्रेन ड्रेन’वर परिसंवाद भरवू.

रात्रीची पाळी

सुरक्षिततेचा विषय निघाला की मुंबईच्या केईएम रुग्णालयातील अरुणा शानभाग यांची आठवण येते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी पाळी संपवून रुग्णालयाच्या तळघरात कपडे बदलत असताना एका सफाई कर्मचाऱ्याने त्यांच्यावर पाशवी हल्ला केला. त्यानंतर ४२ वर्षे, १८ मे २०१५ पर्यंत, त्या त्याच रुग्णालयात निश्चेष्ट अवस्थेत होत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या; परंतु प्रत्येक पिढीने आपल्या या भगिनीची शुश्रूषा केली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या परिचारिकांच्या निष्ठेचा गौरव केला आणि अरुणाताईंच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. नात्यागोत्याच्या पलीकडच्या आपलेपणाचे याहून मोठे उदाहरण कोणते?

पण या कथेचा गौरव करताना आपण तिचा पूर्वार्ध सोयीस्करपणे विसरतो. पाळी संपवून आलेल्या परिचारिकेला कपडे बदलण्यासाठी तळघरात का जावे लागले? त्या वेळी केईएमच्या परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी काम बंद ठेवले होते. अर्धे शतक उलटले. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण महिला डॉक्टरची तिच्या कामाच्या ठिकाणीच अत्याचार करून हत्या झाली आणि साऱ्या देशाला पुन्हा तेच प्रश्न पडले. दरम्यान कायदे झाले. महाराष्ट्राने २०१० मध्ये वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसाचाराविरुद्ध कायदा केला. त्यात परिचारिकांनाही संरक्षण आहे. २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध केंद्रीय कायदा आला. तालुक्याच्या रुग्णालयात रात्री अकरा वाजता पाळी संपल्यावर घरी जाण्याची सोय मात्र कोणत्याही कायद्याने आपोआप होत नाही. ती कोणीतरी करावी लागते.

आक्षेप आणि उत्तरे

‘शासकीय रुग्णालयातल्या सिस्टर खेकसतात, गरिबाला नीट उत्तर देत नाहीत,’ असे अनेक वाचक म्हणतील. ते खरे आहे आणि त्याचे समर्थन करता येणार नाही. खेड्यातून आलेल्या अडाणी बाईचा अपमान करणाऱ्या परिचारिकेने आपल्या व्यवसायालाच बट्टा लावला आहे. तिच्यावर कारवाई व्हावी. पण साठ माणसांची हाक एकटीने ऐकणारी व्यक्ती साठाव्या हाकेला कशी वागते, याचा विचार त्या हाका विभागण्याची जबाबदारी असणाऱ्यांनीही करावा.

दुसरा आक्षेप संपाचा. रुग्ण तळमळत असताना काम बंद ठेवणे कोणालाच भूषणावह नाही. संप हा शेवटचा उपाय असला पाहिजे आणि अतिदक्षता, प्रसूती, अपघात विभाग तेव्हाही चालू राहिलेच पाहिजेत. मात्र एक विसंगती लक्षात घ्यावी. संपाच्या दिवशी परिचारिका ‘अत्यावश्यक’ असते आणि मेस्माची भाषा सुरू होते. संप मिटला की तिची पदे अत्यावश्यक राहत नाहीत. जी सेवा एक दिवस थांबली तर माणसे मरतील असे शासन म्हणते, ती सेवा देणारी पदे वर्षानुवर्षे रिक्त कशी राहू शकतात?

तिसरा आक्षेप सर्वांत सूक्ष्म आहे आणि तो आपल्याच मंडळींकडून येतो. सेवा हे व्रत आहे; त्यात हक्कांची भाषा कशाला? या संदर्भात पुण्याच्या सेवासदनाचा इतिहास चाळण्यासारखा आहे. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी तेथे काम सुरू केले आणि पुढे हिंदू स्त्रियांना, त्यातही विधवांना, परिचारिकेचे शिक्षण देण्याचा घाट घातला. सासून रुग्णालयात परक्या पुरुषांची शुश्रूषा करायला आपल्या मुली जाणार, या कल्पनेने तेव्हाच्या समाजाने नाके मुरडली. रमाबाईंनी त्या मुलींना केवळ उपदेश केला नाही. त्यांच्या निवासाची सोय केली, शिक्षणाची सोय केली, त्यांच्या पाठीशी आपले नाव उभे केले आणि त्यांना स्वतःच्या पायावर उभे राहता येईल अशी मिळकत मिळवून दिली. सेवा करणारीची काळजी घेणे हा सेवेचाच भाग आहे, हे त्यांना कळले होते. व्रत घेणाऱ्याने स्वतः घ्यायचे असते. दुसऱ्याच्या पगारातून कापून घेतले तर त्याला व्रत म्हणत नाहीत.

आणि नाके मुरडण्याचे म्हणाल, तर शंभर वर्षांत आपण कितीसे बदललो? घरात आजारी माणूस असला की ‘चांगली सिस्टर मिळेल का हो?’ म्हणून फोन करणारी सुशिक्षित कुटुंबे, मुलासाठी स्थळ पाहताना ‘मुलगी नर्स आहे, रात्रपाळ्या असतात’ म्हणून पत्रिका परत पाठवतात. हा प्रश्न कोणत्याही मंत्र्याकडे नेता येणार नाही.

करण्याजोगे

शासनाने करायचे ते उघड आहे. मंजूर पदे रुग्णांच्या आजच्या संख्येनुसार ठरवून नियमित भरतीने भरावीत. उपकेंद्राच्या निवासस्थानांची दुरुस्ती झाल्याशिवाय मुख्यालयाची सक्ती लावू नये. दुर्घटनेच्या प्रत्येक चौकशीत त्या पाळीला किती परिचारिका असायला हव्या होत्या आणि किती होत्या, हा पहिला प्रश्न असावा आणि त्याचे उत्तर ज्याच्या सहीने रखडले त्याचे नावही अहवालात यावे. खाजगी रुग्णालयांच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना परिचारिकांचे वेतन बँकेमार्फत, समितीच्या शिफारशींप्रमाणे दिल्याचा पुरावा मागावा. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणाऱ्यांवर कारवाई व्हावी.

परंतु सगळे शासनावर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपल्यापैकी कितीतरी जण रुग्ण कल्याण समित्यांवर आहेत, धर्मादाय रुग्णालयांचे विश्वस्त आहेत, नगरपरिषदांत आणि जिल्हा परिषदेत वावरतात. समितीच्या पुढच्या बैठकीत रंगरंगोटी आणि उद्घाटनाच्या विषयांआधी परिचारिकांच्या विश्रांतीच्या खोलीचा विषय मांडता येईल. विश्वस्तांना आपल्या न्यासाच्या पगारपत्रकावर एकदा नजर टाकता येईल. रात्रपाळीच्या मुलींना घरी सोडण्यासाठी गाडीची व्यवस्था करायला कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

यंदाही १२ मे रोजी समारंभ होतील. पुष्पगुच्छ दिले जातील. त्या दिवशी ज्याच्या हाती ध्वनिक्षेपक येईल, त्याने भाषण सुरू करण्यापूर्वी समोर बसलेल्या परिचारिकांना एवढेच विचारावे की आपली पगाराची चिठ्ठी दाखवाल काय? ती वाचून झाल्यावर ज्याला त्यागावर बोलण्याचे धैर्य उरेल, त्याने खुशाल बोलावे.